तळ्याकडे पाठ करा आणि बांधाची मागची बाजू बघा

समजा तुम्ही एक जमीन घेतली, तिच्यात एक ओढा आहे, आधीच्या मालकाने तीस-चाळीस वर्षांपूर्वी मातीचा बांध घालून तो ओढा अडवला आणि छान तळं झालं. आता तिथे एक छोटी बोट आहे, मासे सोडलेत, सुट्टीत पोरं डुंबतात, संध्याकाळी सगळे बांधावरून चक्कर मारतात. येणारा प्रत्येक माणूस बांधावर उभा राहून पाण्याकडे तोंड करून फोटो काढतो. मला नेमकं हेच सांगायचंय, की एकदा पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि बांधाची मागची बाजू खाली पायथ्यापर्यंत नीट बघा, कारण मातीच्या बांधाची तब्येत पुढून कळत नाही, मागून कळते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करायची, की हा बांध म्हणजे धरणच आहे. छोटं असलं तरी धरण. एक हेक्टरचं तळं घ्या, सरासरी खोली दोन मीटर धरा, म्हणजे झालं 20 हजार घनमीटर पाणी, 2 कोटी लिटर, वजनात 20 हजार टन. दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर दोन हजार टँकर. रोज बघून बघून ते आपल्याला शांत पाणी वाटतं, पण बांधाला खिंडार पडलं की हेच पाणी तासाभरात खाली जायला बघतं, वाटेत ओढ्याच्या काठी जे असेल ते घेऊन. आणि माणसाला उभं राहता न यायला फार पाणी लागतच नाही, गुडघ्याएवढं जोरात वाहणारं पाणी पुरतं, अर्धा-पाऊण मीटर पाण्यात तर गाडीसुद्धा तरंगायला लागते.

आता मातीचा बांध पाणी धरतो कसा ते बघू, कारण इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं बांध म्हणजे भिंत, अलीकडे पाणी आणि पलीकडे कोरडं. तसं नसतं. पाणी मातीत शिरतं आणि फार हळू, इंचाइंचाने, मागच्या बाजूला सरकत राहतं. चांगल्या बांधात मधोमध चिकण मातीचा गाभा असतो जो पाण्याला जवळजवळ अडवतो, दोन्ही बाजूंना मुरमाड भराव असतो जो त्या गाभ्याला आधार देतो, आणि मागे पायथ्याशी वाळू-खडीचा निचरा असतो ज्यातून झिरपलेलं पाणी निमूट बाहेर पडतं. जुन्या खासगी बांधात मात्र बहुतेक वेळा जवळची मिळेल ती माती ओढून ढीग केलेला असतो, थर देऊन रोलरने दबाई केली होती की नुसतंच वरून ट्रॅक्टर फिरवला होता हे कोणालाच माहीत नसतं, नकाशा नसतो, ज्याने बांधला तो माणूस तर कधीच निघून गेलेला असतो. म्हणजे आतलं काही कळायचा मार्ग नाही, बाहेर जे दिसतं त्यावरूनच ओळखायचं.

मातीची धरणं फुटतात ती मुख्यतः दोन वाटांनी. एक, पाणी माथ्यावरून उलटतं. दोन, पाणी आतून वाट काढतं. जगभरच्या मोठ्या मातीच्या धरणांच्या फुटण्याचा अभ्यास झालाय त्यात ही दोन कारणं जवळजवळ निम्मी-निम्मी येतात, उतार घसरून फुटणं त्या मानाने बरंच कमी.

आधी वरून उलटण्याचं बघू, ते समजायला सोपं आहे. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बऱ्याचदा टिकतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं तर ते मागच्या उतारावरून जोराने खाली धावतं, गवताच्या एखाद्या टकलावर किंवा गुरांच्या, माणसांच्या पायवाटेवर माती उचलतं, तिथे छोटी पायरी पडते, ती पायरी खात खात वर माथ्याकडे सरकते, माथा कापला गेला की संपलं, मग पाणीच स्वतःचा दरवाजा रुंद करत जातं. म्हणून तर सांडवा असतो. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी बाजूने काढून द्यायची वाट, ती माथ्यापेक्षा बरीच खाली हवी, भर पुरात सुद्धा पाणी आणि माथा यांच्यात निदान दोन-तीन फूट जागा उरायला हवी. आणि माथा सपाट हवा बरं का, मधेच एक फूटभर बसलेला असेल तर पाणी तिथूनच उलटणार, बाकीचा माथा कितीही उंच असू दे. डोळ्यांना हे पटकन कळत नाही, एक लेव्हल ट्यूब किंवा सर्व्हेचं यंत्र लावून बघितलं की कळतं.

सांडव्याशी लोक काय काय करतात ते ऐकलं की वाईट वाटतं. मासे वाहून जातात म्हणून जाळी लावतात. तळं थोडं मोठं दिसावं म्हणून फळ्या टाकून पातळी फूटभर वाढवतात. येण्याजाण्याची अडचण होते म्हणून त्यावर भराव टाकून रस्ता करतात आणि खाली एक बारका पाईप घालतात. प्रत्येकाला आपापलं कारण असतं आणि कोणाच्याच मनात वाईट नसतं, पण प्रत्येक वेळी पुराच्या पाण्याची वाट थोडी थोडी बंद होते.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे, पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण. साधारण 22 मीटर उंचीचं मातीचं धरण, मुळात कालव्यासाठी बांधलेलं, नंतर एका श्रीमंतांच्या फिशिंग आणि हंटिंग क्लबने ते तळ्यासाठी घेतलं, अँड्र्यू कार्नेगी सुद्धा त्या क्लबचा मेंबर होता. पाणी खाली काढायचे लोखंडी पाईप क्लबच्या आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते परत बसवलेच नाहीत. 1862 साली धरण एकदा फुटलं होतं, तिथे धड दुरुस्ती केली नाही. वरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा कापून कमी केला. आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या. 31 मे 1889 ला प्रचंड पाऊस झाला, जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, माणसं पावसात जाळ्या मोकळ्या करायला आणि बाजूला दुसरा चर खणायला धडपडली, पण फार उशीर झाला होता. पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि 23 किलोमीटर खालचं जॉन्सटाउन शहर तासाभरात वाहून गेलं, 2200 हून जास्त माणसं गेली. चारही चुका बघा, एकही अवघड इंजिनिअरिंगची नाही. मार्च 2006 मध्ये हवाईतल्या कवाई बेटावर का लोको नावाचं जुनं खासगी धरण बऱ्याच दिवसांच्या पावसानंतर फुटलं, 7 माणसं गेली, आणि चौकशीत मुख्य प्रश्न हाच निघाला की सांडवा गेला कुठे, कारण जागेवर तो दिसतच नव्हता.

आता दुसरी वाट, आतून. ही मला जास्त भीतीदायक वाटते कारण ती ऊन असताना, आभाळ स्वच्छ असताना सुद्धा होते.

झिरपणारं पाणी माती न उचलता बाहेर आलं तर काहीच बिघडत नाही. पण बाहेर येताना त्याने मातीचा एक एक कण सोबत आणायला सुरुवात केली की मागच्या पायथ्यापासून एक बारीक बीळ तयार होतं, ते बीळ उलट दिशेने, म्हणजे तळ्याकडे वाढत जातं, जितकं वाढेल तितकं पाण्याला अंतर कमी आणि जोर जास्त, आणि ज्या क्षणी ते तळ्याला जाऊन भिडतं त्या क्षणापासून तो पाझर राहत नाही, ती नळी होते. इंजिनिअर लोक याला पायपिंग म्हणतात. पाच मीटर पाण्याच्या दाबाखाली मोकळ्या भोकातून पाणी सेकंदाला जवळजवळ दहा मीटर वेगाने सुटू शकतं, त्याच्यापुढे माती काय टिकणार. मग बीळ बोगद्याएवढं व्हायला तासही लागत नाहीत कधी कधी.

म्हणून मागच्या पायथ्याशी जाऊन काय बघायचं ते सांगतो. पाऊस संपून बरेच दिवस झालेत, सगळं गवत पिवळं पडलंय आणि एकाच पट्ट्यात हिरवंगार लुसलुशीत गवत आहे, किंवा पाणथळीत येणारी लव्हाळी तिथेच उगवलीय, म्हणजे तिथे पाणी येतंय. पाय दाबून बघा, बूट रुततो का. पाणी वाहताना दिसत असेल तर एक पारदर्शक काचेची बरणी घ्या, ती पाण्याने भरा आणि उजेडासमोर धरा. स्वच्छ असेल तर ठीक, तरी तासभर तशीच ठेवून तळाशी गाळ बसतो का ते बघा. गढूळ असेल, किंवा तळाला बारीक मातीची साय जमली, तर तुमचा बांध आतून झिजतोय आणि ती बाहेर आलेली माती तुमच्या बांधाच्या पोटातली आहे. मी एकदा एका तळ्याच्या मागे असंच बघितलं होतं, ओलसर जागेत जमिनीला मुंगीच्या वारुळासारखा वाळूचा छोटा गोल कडा झाला होता आणि मधून पाणी हलकं उकळल्यासारखं वर येत होतं, हाताच्या पंज्याएवढी जागा, वरून बोटीतून बघणाऱ्याला जन्मात दिसली नसती. मालक म्हणाले की हे तर झरा आहे, पहिल्यापासूनच आहे. पण बाजूच्या गवतावर नवीन बारीक वाळू पडलेली होती, त्यावर अजून एक पान सुद्धा पडलं नव्हतं, म्हणजे ती एक-दोन दिवसांतली.

किती पाणी येतंय तेही मोजता येतं आणि त्याला काही लागत नाही, दहा लिटरची बादली आणि फोनमधलं घड्याळ. बादली भरायला 40 सेकंद लागले म्हणजे सेकंदाला पाव लिटर. तारीख, तळ्याची पातळी आणि हा आकडा वहीत लिहून ठेवा. पातळी तेवढीच असताना गळती वाढली तर तो धोक्याचा इशारा आहे, आणि अचानक कमी झाली तरी खूश होऊ नका, निचरा बुजला असू शकतो आणि पाणी दुसरीकडून वाट शोधत असू शकतं.

आणि इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मागून पाणी येतंय म्हटल्यावर लोक तिथे चिकण माती, सिमेंट, प्लास्टिक जे हाताला येईल ते ठोकून भोक बंद करतात. कृपा करून असं करू नका. बाहेर पडायचं तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं, कदाचित जास्त वरून. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं, एवढंच करायचं असतं, त्यासाठी त्या जागेवर आधी जाडसर स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी असे थर टाकतात, त्याला उलटा फिल्टर म्हणतात. पाणी उसळतच असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आतलं पाणी थोडं उंच होऊ देतात म्हणजे समोरून जोर कमी होतो. हे सगळं इंजिनिअर येईपर्यंतचं, कायमचा उपाय तो बघूनच ठरवेल. पाणी बंद करायचंच असेल तर ते तळ्याच्या बाजूने, आत शिरतंय तिथे.

सगळ्यात जास्त पायपिंग होतं ते बांधातून जाणाऱ्या पाईपच्या कडेने. पाईप गोल असतो, त्याच्या खालच्या बाजूला माती नीट दबत नाही, तिथे फट राहते आणि पाण्याला तयार वाट मिळते. त्यात जुना पत्र्याचा पाईप असेल तर तो गंजून त्याला खालून भोकं पडतात आणि माती पाईपमध्ये गळत राहते, वर बांधावर एक दिवस खड्डा पडतो आणि लोक तो खड्डा माती टाकून बुजवतात. माथ्यावर किंवा उतारावर, पाईपच्या बरोबर वर खड्डा पडला असेल तर तो बुजवायचा विषय नाही, तो फोन करायचा विषय आहे. व्हॉल्व कुठे आहे तेही बघा, तो मागच्या टोकाला असेल तर बांधाच्या पोटातला सगळा पाईप चोवीस तास दाबाखाली असतो, पुढच्या टोकाला असला की ही भानगड राहत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लॉन लेक नावाचं 1903 सालचं, आठेक मीटर उंचीचं धरण होतं, डोंगरात दूर, फारसं कोणी जायचं नाही. पाईप आणि व्हॉल्वच्या जोडातलं शिसं निकामी झालं, तिथून पाण्याची धार मातीत सुटली आणि 15 जुलै 1982 ला पहाटे धरण गेलं, 3 जण दगावले. एका जोडातलं शिसं, बस.

झाडांचं लोकांना पटत नाही. बांधावर झाडं म्हणजे सावली, मुळं माती धरून ठेवतात असं आपण शाळेपासून ऐकलंय. नदीकाठी ते खरंच आहे. पण धरणाच्या बांधावर मुळं ओलाव्याच्या मागे आत आत जातात, झाड मेलं की कुजतात आणि मागे पोकळ नळ्या राहतात, वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा एक लचकाच घेऊन पडतं, आणि सावलीत गवत मरतं ते वेगळंच. बांधावर फक्त गवत हवं, कापलेलं, म्हणजे भेग, बीळ, ओल सगळं दिसतं. पण आधीच मोठी झाडं असतील तर करवत घेऊन धावू नका, नुसतं कापलं की मुळं कुजायला सुरुवात होते, बुंधा आणि मुळं काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो आणि तोपर्यंत पाणी खाली घ्यावं लागतं, हे विचारूनच करा. घुशी, उंदीर, खेकडे यांची बिळं पण तशीच, लहान असताना भरली तर काम हलकं असतं.

भेगांचं थोडक्यात. बांधाच्या आडवी, म्हणजे तळ्याकडून मागच्या बाजूला जाणारी भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याला थेट वाट आहे. लांबीच्या दिशेने चंद्रकोरीसारखी वाकलेली भेग आणि तिच्या खाली पायथ्याशी फुगवटा असेल तर उतार घसरायला लागलाय. वाळल्यामुळे चिकण मातीला पडणाऱ्या बारीक भेगा वेगळ्या, त्या जाळीसारख्या आणि उथळ असतात.

माती कोणती आहे याची एक घरची चाचणी आहे. बांधाच्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या, ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घ्या, ढेकूळ हळूच सोडा आणि न हलवता पाच-दहा मिनिटं बघा. ढेकूळ नुसतं ढासळून तळाला बसलं तर ठीक. पण त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरायला लागला तर ती माती पाण्यात आपोआप सुटी होणारी आहे, अशा मातीच्या बांधात साधी भेग सुद्धा लवकर मोठी होते. ही शंकेपुरती चाचणी आहे, शेवटचा शब्द लॅबचाच.

काही गडबड दिसली की पहिला विचार येतो तळं रिकामं करू. बरोबर आहे, पण घाईत नाही, धरण फुटायलाच आलंय अशी वेळ सोडून. पाणी भरभर उतरलं की पुढच्या उताराच्या मातीत मुरलेलं पाणी मागे राहतं, बाहेरून टेकू गेला आणि आत माती जड, मग तो उतार घसरून तळ्यातच येतो. दिवसाला फूटभर किंवा त्याहून कमी, अशा बेताने उतरवतात. आणि त्यासाठी पाणी काढायचा व्हॉल्व चालू हवा, तो वर्षातून एकदा फिरवून बघितला नसेल तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी हमखास जाम असतो.

"इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. यात दोन गोष्टी विसरल्या जातात. बांध दरवर्षी म्हातारा होतोय, पाईप गंजतोय, झाडं वाढतायत, म्हणजे कालचा बांध आणि आजचा बांध एकच नाही. दुसरं, ज्याला शंभर वर्षांतला पूर म्हणतात त्याचा अर्थ दरवर्षी तो यायची शक्यता 1 टक्का, तीस वर्षांत निदान एकदा तरी यायची शक्यता होते साधारण 26 टक्के. आधीची तीस वर्षं तो आला नाही याने पुढच्या वर्षीचा 1 टक्का कमी होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळं आहे, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी, ठराविक उंचीच्या किंवा साठ्याच्या खालची धरणं कडक तपासणीतून सुटतात. इंग्लंडमध्ये ही रेषा 25 हजार घनमीटरची आहे, म्हणजे वर हिशोब केलेलं आपलं एक हेक्टरचं तळं तिच्या खाली. वेल्समध्ये 2016 पासून तीच 10 हजारांवर आणली, तिथे आपलं तळं आत. पाणी तेच, बांध तोच, रेषेच्या कुठल्या बाजूला आहे एवढाच फरक. तपासणी नाही म्हणजे जबाबदारी नाही असं मात्र अजिबात नाही. ज्या खटल्यातून "धोक्याची गोष्ट आपल्या जमिनीत साठवली आणि ती सुटली तर भरपाई तुझी" हे तत्त्व आलं तो रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला एका खासगी तलावाचाच आहे. गिरणीमालकाने कंत्राटदाराकडून तलाव बांधून घेतला, खाली जुन्या खाणीचे बुजलेले खड्डे होते ते नीट बंद केले नाहीत, 1860 मध्ये पाणी त्यातून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत गेलं, आणि 1868 मध्ये निकाल लागला की मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसला तरी नुकसान त्याने भरायचं.

धरणाचा धोक्याचा वर्ग ठरतो तोही बांध किती चांगला यावर नाही, फुटला तर खाली कोण आहे यावर. तळं झालं तेव्हा खाली रान असेल, आज तिथे चार घरं झाली असतील, बांधाला हात न लावता तुमचं धरण वरच्या वर्गात गेलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या केली बार्न्स धरणाखाली एक कॉलेज होतं. 1899 चा जुना बांध, त्यावर नंतर माती चढवत नेलेली, वीज बनवणं 1957 ला बंद झालं आणि मग ते नुसतं सहलीचं तळं उरलं. मागचा उतार उभा, त्यावर झाडं, 1973 मध्ये त्याचा एक तुकडा घसरला सुद्धा होता. 6 नोव्हेंबर 1977 ला रात्री दीडच्या सुमाराला ते फुटलं, 39 माणसं गेली, त्यात मुलं बरीच. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातली केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली धोक्याची धरणं तपासायला लावली, साधारण 9 हजार बघितली गेली आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

तेव्हा एक कागद करा. खाली पाणी कुठपर्यंत जाईल, त्या वाटेत कोणकोण राहतं, त्यांचे नंबर, पोलीस, अग्निशमन, इंजिनिअर, आणि कोण कोणाला आधी फोन करणार. गढूळ झिरपा, तळ्यात भोवरा, ताजी घसरलेली माती किंवा पाणी माथ्यापासून फूटभरावर, यातलं एक जरी दिसलं तरी आधी खालच्या लोकांना उठवायचं आणि मग बांधाचं बघायचं, बांधावर स्वतः उभं राहायचं नाही. कागद झाला की खालच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा आणि एखाद्या दिवशी रात्री दीड वाजता त्यातले नंबर खरंच लावून बघा, कोणाचा फोन बंद असतो, कोणाचा नंबर बदललाय, आणि कोणाच्या घरात फोन रात्री वेगळ्या खोलीत असतो ते लगेच समजेल.